दिवस राहत नाहीत? मग आधी नवऱ्याची तपासणी

लग्नाला दीड-दोन वर्षं झाली की आपल्याकडं विचारणा सुरू होते, आणि ती सुनेकडंच होते. "काय गं, काही विशेष?" पुढचं सगळं ठरल्यासारखं असतं. तिची सोनोग्राफी, तिचं रक्त, तिच्या नळ्यांची तपासणी, कधी थेट दुर्बीण. तोवर नवरा दवाखान्याबाहेर मोटारसायकलला टेकून उभा असतो.

मी आणि माझी बायको या सगळ्यातून गेलो आहोत. आमच्याकडं कारण माझ्या बाजूचं निघालं. त्या काळात मिरजेत दवाखान्यांच्या बाकांवर सांगली-साताऱ्याकडची कितीतरी जोडपी भेटली. जवळपास सगळ्यांची तक्रार एकच होती: कुठून सुरू करायचं हे कुणी सांगितलंच नाही. मी डॉक्टर नाही, त्यामुळं औषधांची नावं आणि डोस इथं मिळणार नाहीत. वाट मात्र सांगू शकतो.

मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी साधारण निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडं काहीतरी कारण सापडतं, कधी एकटं, कधी बायकोकडच्या कारणाच्या जोडीला. पुरुषाची पहिली तपासणी, म्हणजे वीर्य तपासणी, स्वस्त आहे. तिला सुई लागत नाही, भूल लागत नाही. तरी आपल्याकडं ती सगळ्यात शेवटी होते. ती पहिल्या आठवड्यात करा, एवढंच माझं मुख्य सांगणं आहे.

१. आधी महिने नीट मोजा

कुठलंही साधन न वापरता वर्षभर नियमित संबंध येऊनही दिवस राहिले नाहीत, तर तपासणी करायची. बायकोचं वय ३५ च्या वर असेल तर सहा महिनेच थांबायचं, कारण त्या वयानंतर स्त्रीबीजांची संख्या आणि दर्जा झपाट्यानं उतरतो.

आपल्या भागात या हिशोबात हमखास गडबड होते. विटा, खानापूर, आटपाडीकडची गलाई (सोनं-चांदी गाळण्याच्या) व्यवसायातली मुलं तमिळनाडूत, केरळात, उत्तरेत असतात. साताऱ्याकडच्या घरांत नवरा फौजेत असतो. लग्नाला तीन वर्षं झालेली असतात आणि प्रत्यक्ष एकत्र घालवलेले महिने हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. महिने मोजायचे ते एकत्र राहिलेलेच. त्यातही सुट्टी पाळीच्या कोणत्या दिवसांत पडली हे बघा. गर्भ राहण्याची शक्यता स्त्रीबीज बाहेर पडण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच दिवस, एवढ्याच काळात असते. पाळी २८ दिवसांची असेल तर पाळी सुरू झाल्यापासून साधारण १० व्या ते १७ व्या दिवसापर्यंत एक दिवसाआड संबंध आले तरी पुरे. अनेक जोडप्यांना एवढी माहिती आणि एकत्र राहायला सहा महिने मिळाले तर पुढचं काहीच लागत नाही.

पण काही पुरुषांनी वर्षभर थांबूच नये. लहानपणी अंडकोश पोटातून खाली उतरला नव्हता, वयात आल्यावर गालगुंड होऊन अंडकोश सुजला होता, त्या भागाला मार लागला होता, हर्निया किंवा हायड्रोसीलचं ऑपरेशन झालं होतं, क्षयरोग झाला होता, केमोथेरपी झाली आहे, किंवा संबंधात अडचण येते, अशांनी सरळ डॉक्टर गाठावा. आणि अंडकोशात न दुखणारी कडक गाठ लागली तर मुलाबाळांचा विषय बाजूला ठेवून त्याच आठवड्यात दाखवा. ती कर्करोगाची असू शकते, आणि वेळेत सापडली तर बहुतेक वेळा बरी होते.

२. मर्दानगीचा हिशोब यात आणू नका

संबंध ठेवता येणं आणि शुक्राणू असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वीर्यात शुक्राणूंचा वाटा जेमतेम २ ते ५ टक्के असतो. बाकीचा द्रव वीर्यकोश आणि प्रोस्टेट ग्रंथीतून येतो. म्हणूनच नसबंदी झालेल्या माणसाचं वीर्य पाहून काही कळत नाही, ते पूर्वीसारखंच दिसतं. घट्ट म्हणजे चांगलं आणि पातळ म्हणजे वाईट, हे डोळ्यांनी ठरवता येत नाही. स्वप्नदोषानं किंवा हस्तमैथुनानं "धातू जाऊन" वंध्यत्व येत नाही. या भीतीवर बसस्टँडजवळच्या भिंतींवर जाहिराती रंगवणाऱ्यांचा धंदा चालतो, तिकडं फिरकू नका.

पहिलं मूल आहे म्हणून दुसऱ्या वेळी पुरुषात दोष नसणारच, हेही खरं नाही. मधल्या काळात वय, वजन, साखर, एखादा आजार, काहीही बदललेलं असतं.

३. वीर्य तपासणी: इथं घाई करू नका

सगळ्यात जास्त घोळ इथंच होतो, म्हणून सविस्तर लिहितो.

लॅब निवडताना फोन करून तीन गोष्टी विचारा. नमुना देण्यासाठी वेगळी, आतून कडी लावता येणारी खोली आहे का? नमुना दिल्यावर किती वेळात तपासतात? आणि शुक्राणूंचा आकार तपासतात का? ज्या लॅबमध्ये रोज वीर्य तपासणी होते किंवा जी एखाद्या वंध्यत्व केंद्राला जोडलेली आहे, ती गल्लीतल्या लॅबपेक्षा बरी. ही तपासणी माणूस सूक्ष्मदर्शकाखाली मोजून करतो, त्यामुळं करणाऱ्याच्या सवयीवर बरंच अवलंबून असतं.

तपासणीआधी किमान २ आणि जास्तीत जास्त ७ दिवस संबंध किंवा हस्तमैथुन नको. "जास्त दिवस थांबलो तर काउंट चांगला येईल" म्हणून पंधरा दिवस थांबणारे भेटतात. त्यानं संख्या थोडी वाढलेली दिसते, पण हालचाल मंदावलेली येते. मागच्या दोन-तीन महिन्यांत जोराचा ताप, डेंग्यू किंवा टायफॉइड झाला असेल तर ते लॅबला आणि डॉक्टरांना सांगा, तापानं आकडे खाली येतात.

नमुना हस्तमैथुनानंच, लॅबनं दिलेल्या डबीत द्यायचा. साबण, खोबरेल तेल, थुंकी, क्रीम काही वापरायचं नाही, त्यानं शुक्राणू मरतात किंवा मंदावतात. साधा निरोधही चालत नाही. आणि सर्वात महत्त्वाचं: नमुना पूर्ण पडला पाहिजे. पहिल्या थेंबांत शुक्राणू सर्वाधिक असतात. तेच बाहेर सांडले असतील तर तसं सांगा आणि पुन्हा द्या. संकोचानं गप्प बसून चुकीचा रिपोर्ट घरी आणू नका.

लॅबमध्ये जमत नसेल तर बायकोला सोबत आत घेऊ देतात का विचारा, बऱ्याच ठिकाणी देतात. घरून आणायचं असेल तर शक्यतो अर्ध्या तासात आणि काहीही झालं तरी तासाभरात डबी पोहोचली पाहिजे. जत, आटपाडी, शिराळ्याहून वडापनं किंवा एसटीनं सांगलीला येईपर्यंत तासापेक्षा जास्त जातो, तेव्हा तिकडच्यांनी घरून आणण्याचा विचारच करू नये. जवळच्यांनी डबी शर्टाच्या आतल्या खिशात, अंगालगत ठेवावी. मोटारसायकलच्या डिकीत नको, बर्फात तर मुळीच नको.

रिपोर्ट वाईट आला तर त्यावर विश्वास ठेवण्याआधी काही आठवड्यांनी तपासणी पुन्हा करा. त्याच माणसाचे आकडे दर खेपेला बरेच खालीवर होतात. एका रिपोर्टवर कुणी ऑपरेशनची किंवा आयव्हीएफची (टेस्ट ट्यूब बेबीची) तारीख देत असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

४. रिपोर्ट हातात आल्यावर

आकडे "मिलियन"मध्ये असतात. १ मिलियन म्हणजे १० लाख. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेत खालच्या मर्यादा अशा आहेत:

- वीर्याचं प्रमाण: १.४ मिली
- शुक्राणूंची संख्या: दर मिलीला १६ मिलियन, म्हणजे १ कोटी ६० लाख
- एकूण संख्या: ३९ मिलियन
- एकूण हालचाल: ४२ टक्के
- पुढं सरकणारे: ३० टक्के
- नेहमीच्या आकाराचे: ४ टक्के

हे आकडे ज्यांच्या बायकांना वर्षाच्या आत दिवस राहिले अशा पुरुषांवरून काढले आहेत. त्या पुरुषांतले सर्वात खालचे ५ टक्के जिथं होते ती ही रेघ. याचा अर्थ असा की या रेषेखालचेही काही जण बाप झाले होते, आणि वर असलेल्या प्रत्येकाला मूल होईलच असंही नाही. जुन्या रिपोर्टांवर १५ किंवा २० मिलियन ही मर्यादा छापलेली दिसेल, ती आधीच्या आवृत्त्यांतली आहे.

आकाराच्या ओळीत "९५ टक्के दोषयुक्त" वाचून हातपाय गाळणारे पुष्कळ. ५ टक्के नेहमीच्या आकाराचे म्हणजे ठीक आहे. यातून बाळात व्यंग येतं, हीही भीती बाळगू नका.

दुसरा सापळा "पस सेल"चा. वीर्यातल्या सगळ्याच गोल पेशी पू-पेशी नसतात. अर्धवट वाढलेल्या शुक्राणूपेशीही तशाच दिसतात, आणि वेगळी रंगप्रक्रिया केल्याशिवाय फरक कळत नाही. तो फरक न बघता महिनोन्महिने अँटिबायोटिक घेत बसलेले लोक मी पाहिले आहेत. लघवीला जळजळ नाही, दुखणं नाही, ताप नाही, तर औषध का हे विचारा.

"निल स्पर्म", म्हणजे एकही शुक्राणू नाही, असा रिपोर्ट आला तर धक्का बसतो. शंभरातल्या एका पुरुषात असं असतं. अशा वेळी लॅबनं नमुना यंत्रात फिरवून तळाचा साका तपासला का, हे आधी विचारा. साक्यात चार-दोन शुक्राणू सापडले तरी पुढचे उपचार बदलतात.

५. कुणाला दाखवायचं आणि काय न्यायचं

बायकोसाठी स्त्रीरोगतज्ज्ञ, तसे तुमच्यासाठी मूत्ररोगतज्ज्ञ, त्यातही पुरुष वंध्यत्वाचं काम करणारे. नवऱ्याची फाइल बायकोच्याच डॉक्टरांकडं ठेवून, त्याला हात न लावता गोळ्या लिहून देणं ही पद्धत मला पटत नाही. पुरुषाला उभं करून, झोपवून, अंडकोशाचा आकार आणि वीर्यनलिका हातानं तपासल्याशिवाय निदान पूर्ण होत नाही.

मिरजेत १८९४ पासून वानलेस यांच्या मिशन हॉस्पिटलची परंपरा आहे आणि १९६२ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, त्यामुळं तज्ज्ञ शोधायला लगेच पुणं गाठायची गरज नाही. पैशाची अडचण असेल तर सांगलीच्या सिव्हिलमध्ये किंवा मिरजेच्या सरकारी रुग्णालयात ओपीडीचा केसपेपर काढून सुरुवात करता येते. जनुकीय तपासण्या आणि सूक्ष्मदर्शकाखालच्या काही शस्त्रक्रियांसाठी मात्र पुण्या-मुंबईला जावं लागू शकतं.

पिशवीत हे ठेवा:

- दोघांचे सगळे जुने रिपोर्ट, तारखेच्या क्रमानं, मूळ आणि झेरॉक्स
- लहानपणच्या ऑपरेशनची माहिती (आईला विचारा, कागद नसले तरी तिला आठवतं)
- चालू असलेल्या सगळ्या औषधांची, पावडरींची, इंजेक्शनांची यादी किंवा रिकामी पाकिटं
- बायकोच्या मागच्या सहा पाळ्यांच्या तारखा
- पुढं आययूआय (वेचलेले शुक्राणू गर्भाशयात सोडणं) किंवा आयव्हीएफ लागलं तर दोघांचं आधार, फोटो आणि विवाह नोंदणीचा दाखला. ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत लग्नाची नोंद राहिली असेल तर आत्ताच करून घ्या, ऐन वेळी त्यासाठी हेलपाटे होतात.

रक्तात टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक तपासायला सांगितलं तर सकाळी दहाच्या आत रक्त द्या, दिवसभरात ते उतरत जातं. सोबत एफएसएच हे आणखी एक संप्रेरक तपासायला सांगतात. त्यावरून अंडकोशात निर्मितीच कमी आहे की तयार माल वाटेत अडतोय, याचा अंदाज येतो.

६. कारण काय निघू शकतं

सर्वात जास्त सापडणारं म्हणजे व्हेरिकोसील, अंडकोशाच्या शिरा फुगणं, बहुतेकदा डाव्या बाजूला. पण सर्वसाधारण पुरुषांतही साधारण १५ टक्क्यांना ते असतं आणि त्यातल्या अनेकांना मुलं होतात. म्हणून ऑपरेशनचा विचार कधी करायचा? शिरा हाताला लागत असतील, रिपोर्ट बिघडलेला असेल आणि बायकोच्या वयात थांबायला अवकाश असेल, तेव्हा. फक्त सोनोग्राफीत दिसणाऱ्या बारीक व्हेरिकोसीलसाठी चिरफाड करून घेऊ नका.

दुसरं कारण आपल्या तालमींच्या मुलखात ठळकपणे सांगायला हवं. जिममध्ये किंवा तालमीत कुणी "टेस्टो"चं किंवा स्टेरॉइडचं इंजेक्शन देत असेल तर ते थेट शुक्राणूंची निर्मिती बंद पाडतं. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की मेंदू अंडकोशांना काम थांबवायचा निरोप देतो. दंड फुगतात आणि काउंट शून्यावर येतो. बंद केल्यावर बहुतेकांचं परत सुरू होतं, पण त्याला कित्येक महिने, कधी वर्षाहून जास्त लागतं. अशक्तपणा वाटतो म्हणून एखाद्यानं टेस्टोस्टेरॉन लिहून दिलं, तर मूल हवं आहे हे आधी सांगा. घेतलेलं असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका, कारण हे कारण हाती लागलं तर बाकीच्या कितीतरी तपासण्या वाचतात.

कामाच्या जागेकडेही बघा. अंडकोशांना शरीरापेक्षा दोन-चार अंश कमी तापमान लागतं. भट्टीजवळ, बॉयलरवर, गुऱ्हाळाच्या चुलाण्यापुढं तासन् तास उभं राहणं किंवा ट्रकच्या गरम केबिनमध्ये दिवस काढणं याचा विचार डॉक्टरांसमोर मांडा. गलाईवाल्यांना उष्णतेच्या जोडीला ॲसिडच्या वाफा आणि काही ठिकाणी शिसंही असतं, आणि शिसं शुक्राणूंना घातक आहे हे पक्कं माहीत आहे. तासगाव, पलूस, मिरज पट्ट्यात द्राक्षाच्या हंगामात फवारणी सतत चालू असते. १९७७ साली कॅलिफोर्नियातल्या एका कारखान्यात कामगारांच्याच लक्षात आलं की आपल्यापैकी कुणाला मुलं होत नाहीत. ते डीबीसीपी नावाचं सूत्रकृमिनाशक तयार करत होते, आणि तपासणीत अनेकांचे शुक्राणू संपलेले निघाले. ते औषध आज आपल्या टाकीत नाही, पण मास्क, हातमोजे आणि फवारणीनंतर लगेच अंघोळ एवढं तरी पाळायलाच हवं.

शुक्राणू शून्य असतील तर वाट अडली आहे का निर्मिती नाही, हे शोधतात. काहींना जन्मतःच वीर्यनलिका नसतात. अशा वेळी नवऱ्यासोबत बायकोचीही एक जनुकीय तपासणी करतात, म्हणजे बाळाला सिस्टिक फायब्रोसिस या फुप्फुसांच्या आनुवंशिक आजाराचा धोका आहे का ते कळतं. काहींमध्ये एक एक्स गुणसूत्र जास्त असतं, काहींच्या वाय गुणसूत्राचा तुकडा गळालेला असतो. हा तुकडा कोणता, यावरून अंडकोशातून शुक्राणू काढण्याचा प्रयत्न करण्यात अर्थ आहे की नाही हे ठरतं. म्हणून शस्त्रक्रियेआधी ही तपासणी करून घ्या.

मधुमेहींमध्ये कधी वीर्य बाहेर न येता मागं मूत्राशयात जातं. वीर्य फारच थोडं येत असेल तर स्खलनानंतरची लघवी तपासायला सांगा. तपासणी अगदी साधी आहे, पण ती बऱ्याचदा राहून जाते.

७. तीन महिने द्या, पण रिकामे नको

एक शुक्राणू तयार व्हायला साधारण ७२ ते ७४ दिवस लागतात. द्राक्षाच्या बागेत ऑक्टोबर छाटणीनंतर दिसणारा घड एप्रिलच्या खरड छाटणीत ठरलेला असतो, तसंच हे. आज दिलेला नमुना दोन-अडीच महिन्यांपूर्वीच्या तब्येतीचा असतो. म्हणून आठवड्याभरात फरक दाखवतो म्हणणाऱ्याकडं पैसे देऊ नका.

या काळात सिगारेट, तंबाखू, मावा, गुटखा पूर्ण बंद. दारू बंद, निदान अगदी कमी. पोट सुटलं असेल तर वजन, साखर वाढलेली असेल तर साखर ताब्यात आणा. मांडीवर लॅपटॉप आणि कढत पाण्यात बसणं टाळा. केसांसाठी फिनास्टेराइड किंवा आतड्याच्या आजारासाठी सल्फासलाझिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारा, स्वतःहून बंद करू नका.

काउंट वाढवणाऱ्या पावडरी आणि गोळ्यांबद्दल माझं मत स्पष्ट आहे: कारण कळल्याशिवाय त्यांच्यावर पैसे घालू नका. झिंक आणि फॉलिक ॲसिडचं उदाहरण घ्या. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात पुरुषांना सहा महिने ते देऊनही जन्मणाऱ्या बाळांची संख्या वाढली नाही. महिन्याला हजारो रुपये असे घालवण्यापेक्षा ते पुढच्या उपचारांसाठी राखून ठेवा.

८. आययूआय, आयव्हीएफ, इक्सी

संख्या थोडी कमी असेल तर वीर्य धुऊन, चपळ शुक्राणू वेचून गर्भाशयात सोडतात, ते आययूआय. त्यासाठी धुतल्यानंतर निदान ५० लाख ते १ कोटी हलणारे शुक्राणू उरायला हवेत. तेवढे नसताना सहा-सहा वेळा आययूआय करत राहण्यात वेळ आणि पैसा जातो. शुक्राणू अगदीच कमी असतील तर इक्सी. यात एक शुक्राणू बारीक सुईनं थेट स्त्रीबीजात सोडतात. १९९२ पासून जगात हे तंत्र आलं आणि ज्यांना आधी काहीच आशा नव्हती असे पुरुष बाप होऊ लागले. पण लक्षात घ्या, दोष नवऱ्यात असला तरी यात इंजेक्शनं, भूल आणि त्रास बायकोच्याच वाट्याला येतो. त्या दिवसांत सुट्टी काढून सोबत राहा.

केंद्र निवडताना २०२१ च्या सहाय्यक प्रजनन कायद्याखालची नोंदणी बघा. फक्त आययूआय करणारी केंद्रं पहिल्या स्तरावर आणि आयव्हीएफ-इक्सी करणारी दुसऱ्या स्तरावर नोंदलेली असतात. वयाची अट बायकोला २१ ते ५० आणि नवऱ्याला २१ ते ५५ अशी आहे. दात्याचे शुक्राणू वापरायचे ठरलं तर ते नोंदणीकृत बँकेतूनच यायला हवेत, दोघांची लेखी संमती हवी, आणि होणारं मूल कायद्यानं तुमचंच. मुलगाच देतो म्हणणारा भेटला तर तिथून उठा, तो गुन्हा आहे.

पॅकेजचा आकडा ऐकताना इंजेक्शनं, भूल, गर्भ गोठवणं आणि दुसऱ्या वेळचा खर्च त्यात आहे का, हे लिहून घ्या. साधारण इथंच बिल दुपटीवर जातं.

ज्यांना केमोथेरपी घ्यायची आहे त्यांनी ती सुरू होण्याआधी शुक्राणू गोठवून ठेवावेत. घरात, ओळखीत कुणी तरुण असेल तर त्याला हे नक्की सांगा, उपचारांच्या घाईत ते कुणाच्या ध्यानात येत नाही.

९. घरात काय सांगायचं

कारण नवऱ्याकडं असेल तर ते आईवडिलांना नवऱ्यानंच सांगावं. बायकोनं सांगितलं तर ते आरोपासारखं ऐकलं जातं आणि न सांगितलं तर बोल तिलाच लागतो. तपशील द्यायची गरज नाही. "तपासण्या झाल्यात, उपचार माझे चालू आहेत, तिला काही विचारू नका" एवढं पुरतं. हळदीकुंकवाला, ओटभरणाला तिला जायचं नसेल तर तिच्या वतीनं नकार तुम्ही द्या.

१०. थांबायचं कुठं

सुरुवातीलाच दोघांनी बसून किती खर्च आणि कोणत्या वयापर्यंत, हे ठरवून वहीत लिहून ठेवा. उपचार चालू असताना हे ठरवणं फार अवघड जातं. दत्तकाचा विचार असेल तर त्याची माहितीही आधीच काढा. नोंदणी केंद्र सरकारच्या कारा संस्थेच्या पोर्टलवरच होते, कायदेशीर दत्तकविधानाशिवाय ओळखीतून किंवा दवाखान्यातून परस्पर मूल घेणं बेकायदेशीर आहे. लग्नाला किमान दोन वर्षं झालेली हवीत, आणि दोन वर्षांखालचं बाळ हवं असेल तर नवराबायकोच्या वयांची बेरीज ८५ च्या वर नको. प्रतीक्षायादी मोठी असते, त्यामुळं उपचारांचं एकेक वर्ष वाढवताना ही बेरीजही करत चला.